थांबलेली सीडी

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वर्गात 'मैं'पेक्षा 'हम' जास्त तोंडात येते, म्हणून मराठीत लिहितानाही 'आम्ही'च उतरते. यात मोठेपणा नाही, सवय आहे. आणि विषय म्हणाल तर शाळेचाही नाही. विषय आहे नाचाच्या इंग्रजी गाण्यांच्या सीडींचा.

२००२ च्या मे महिन्यात भाईजान दुबईहून पहिल्यांदा रजेवर आले. खेड तालुक्यातल्या आमच्या मोहल्ल्यात आखातातून कोणी आले की बॅग उघडताना अर्धा मोहल्ला ओट्यावर जमतो, तसा जमला. अम्मीसाठी दुधाची पावडर आणि टायगर बाम, अब्बांसाठी घड्याळ आणि आमच्यासाठी हातात मावेल असा सीडी प्लेअर. सोबत सात-आठ सीडी होत्या. त्यातली एक निवडक गाण्यांची, वेगवेगळ्या गायकांची. दुसरी डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीची, 'डिस्कव्हरी', २००१ साली निघालेली.

निवडक सीडीवर या जोडीचे 'वन मोअर टाइम' होते. प्लेअरच्या काचेवर वेळ दिसायची: ३ मिनिटे ५५ सेकंद. सुट्टीभर ते आम्ही इतके ऐकले की कुठे श्वास घ्यायचा तेही पाठ झाले. मग एके दुपारी 'डिस्कव्हरी' लावली. पहिलेच गाणे तेच. पण अर्ध्यावर आल्यावर ढोल थांबले ते थांबलेच. मागे नुसता सुरांचा पडदा आणि त्यावर रोमॅन्थनीचा तो यंत्रातून गाळलेला आवाज. आम्हांला वाटले, सीडीवर ओरखडा आहे. काढली, तोंडाची वाफ दिली, बनियनला पुसली, पुन्हा लावली. पुन्हा तिथेच ढोल गायब. भाईजान झोपाळ्यावरून बघत होते. म्हणाले, "बिघडलेली नाही रे. थांब जरा."

थांबलो. ढोल परत आले. काचेवरची वेळ शेवटी ५ मिनिटे २० सेकंदांपर्यंत गेली. छोट्या आवृत्तीत ही थांबण्याची जागा अगदीच नाही असे नव्हे, पण घाईत उरकलेली आहे. आम्हांला मात्र पुढचे कित्येक दिवस लांब गाणेच चुकीचे वाटत राहिले. जे आधी कानावर पडते तेच असली वाटते, मग ते कापलेले का असेना.

त्यानंतर आम्हांला वेळा तपासायचा नाद लागला. सीडीच्या पाठीवर गाण्यापुढे आकडे छापलेले असत, नसतील तर प्लेअरच्या काचेवर बघायचे आणि वहीत लिहायचे. निवडक गाण्यांच्या सीडीवर बहुतेक वेळा छोटी, रेडिओसाठी कापलेली आवृत्ती असते. कित्येकदा तसे छापलेलेही नसते. डाफ्ट पंकचेच १९९७ चे 'अराउंड द वर्ल्ड' घ्या. त्यात शब्द एवढेच, गाण्याचे नाव. अल्बमवर ते सात मिनिटांचे, रेडिओसाठी चारच्या आसपास. शब्द किती वेळा येतात ते मोजायला आम्ही चिंचोके घेऊन बसलो. तसबीहवर मोजायचा विचार आला होता, पण अम्मीने असे डोळे वटारले की तसबीह जागेवर गेली. छोट्या गाण्यात ८० भरले. मोठ्यात आमचे १४१ झाले. पुढे कळले की खरा आकडा १४४ आहे. तीन चिंचोके कुठे गेले, अल्लाह जाणे.

ही काटछाट का होते, ते पुढे वाचून समजले. जुन्या ७८ गतीच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला तीनेक मिनिटेच मावत. आपल्याकडची ठुमरी आणि कव्वालीही त्या मापात बसवावी लागली. रात्रभराची मैफल आणि तीन मिनिटांची तबकडी, दोन्ही कव्वालीच. पुढे सात इंची तबकडी आली तरी रेडिओला तीन-चार मिनिटांची सवय राहिली. गाणे लांबवावे तर खाचा दाटीने कोराव्या लागतात आणि आवाज पडतो. १९७० च्या दशकाच्या मध्यात न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन नावाच्या माणसाला नमुना कोरून घ्यायचा होता आणि सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या. मोठ्या तबकडीवर कोरल्या तर खाचा ऐसपैस पसरल्या आणि आवाज दणदणीत झाला. नाचघरांना हेच हवे होते. तिथल्या वादकाला एका गाण्यातून दुसऱ्यात जायचे तर सुरुवातीला आणि शेवटी नुसता ठेका हवा, आणि मध्ये लोकांना दम घ्यायला जागा हवी. रेडिओवाल्याला यातले काहीच नको. त्याला गाणारा लवकर गायला हवा. म्हणून कात्री चालते ती नेमकी सुरुवातीवर, शेवटावर आणि मधल्या थांबण्यावर.

सीडी आली तेव्हा जागेची तंगी संपायला हवी होती. चौऱ्याहत्तर मिनिटे म्हणजे कमी नव्हेत. काहींनी त्याचा फायदाही घेतला. १९९२ मध्ये द ऑर्ब या इंग्रजी मंडळींनी 'ब्लू रूम' हे एकच गाणे जवळजवळ ४० मिनिटांचे काढले, कारण तिथल्या यादीच्या नियमात सिंगलची मर्यादा ४० मिनिटांची होती. ते आठव्या क्रमांकावर गेले! आमच्या शाळेतला एक तास ३५ मिनिटांचा असतो.

तरी 'अल्बमवरचे ते पूर्ण आणि सिंगल ते कापलेले' हा आमचा हिशेबही टिकला नाही. मुंबईत बी.एड. करताना चोर बाजारातून न्यू ऑर्डरची 'सब्स्टन्स' ही १९८७ ची दोन सीडींची जोडी घेतली. यांचे 'ब्लू मंडे' १९८३ मध्ये बारा इंची सिंगल म्हणून निघाले, साडेसात मिनिटांचे, आणि इंग्लंडात त्या वर्षीच्या अल्बमवर ते नव्हतेच. 'द परफेक्ट किस' अल्बमवर पाच मिनिटांच्या आत आणि सिंगलवर पावणेनऊच्या घरात. म्हणजे इथे सिंगल पूर्ण आणि अल्बम कापलेला. वर 'सब्स्टन्स'च्या सीडीत सगळे मावावे म्हणून याच गाण्याचा शेवट पाऊण मिनिटाने छाटला. चौऱ्याहत्तर मिनिटेही अपुरी पडली.

गेल्या वर्षी नववीत गझल शिकवत होतो. एका मुलाने घरी मोबाइलवर तीच गझल शोधली होती. हात वर करून म्हणाला, "सर, यह तो नौ शेर की है, किताब में पाँच क्यों?" आम्ही इंतिखाब म्हणजे निवड वगैरे समजावले. मग त्याला गालिबचे सांगितले. गालिबने तरुणपणीचे पुष्कळ शेर स्वतःच दिवानातून वगळले होते. १८२१ सालची त्याची हस्तलिखित प्रत पुढे भोपाळात सापडली आणि १९२१ मध्ये 'नुस्खा-ए-हमीदिया' म्हणून छापली गेली, तेव्हा ते लोकांपुढे आले. मुलगा म्हणाला, "मग खरा दिवान कोणता?" तासाची घंटा झाली, आमची सुटका झाली. कवीने स्वतः कापणे आणि दुसऱ्याने वेळेच्या हिशेबाने कापणे यात फरक आहे, हे त्याला दुसऱ्या दिवशी सांगितले. पण त्याचे समाधान झाले असे काही दिसले नाही.

हे सगळे लिहायचे कारण भाईजान. दुबईत असताना ते दर जुम्म्याला कार्डावरून फोन करीत. कार्डात मिनिटे थोडी आणि बोलणारे आम्ही चौघे. सगळे खैरियत, पैसे पाठवले, अम्मीच्या गुडघ्याला कसे आहे, खुदा हाफिज. तीन-चार मिनिटांत संपायचे. आठ वर्षे आम्ही तेवढेच ऐकले आणि तीच त्यांची जिंदगी समजलो. उलट फोन ठेवल्यावर कधी कधी कुरकुरायचो की भाईजान घड्याळ पाठवतो म्हणाले होते, विसरले वाटते.

२००९ मध्ये ते कायमचे परत आले. आता स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतात. परत आल्यावरही बरीच वर्षे काही बोलले नाहीत. अब्बांच्या इंतकालनंतर एका रात्री आम्ही दोघे जुन्या सीडी पुसत बसलो होतो, तेव्हा सांगितले. २००८ च्या मंदीत त्यांच्या कंपनीने पाच महिने पगार दिला नव्हता. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. खोलीत बारा जण. घरी पाठवलेले पैसे उसने घेतलेले. रात्री बत्ती बंद झाली की हेडफोन लावून ते 'डिस्कव्हरी' ऐकत. मोठेच गाणे, कारण ढोल थांबायचे तेवढ्या वेळात कोणी बोलावत नसे, असे म्हणाले. आम्ही विचारले, फोनवर का नाही सांगितलेत? ते हसले. "चार मिनिटांत काय काय सांगणार? आणि अम्मी शेजारी उभी असायची."

घड्याळाचे आम्ही त्यांना कधी सांगितले नाही.

तो प्लेअर आता सीडी वाचत नाही, नुसती घरघरतो. परवा ईदला पुतण्याने मोबाइलवर 'वन मोअर टाइम' लावले. सुरुवात ऐकूनच आम्ही ओळखले, छोटे आहे. भाईजान आतून ओरडले, "ते नको, मोठे लाव." त्याने शोधून लावले. ढोल थांबले तसा पोरगा मोबाइल उचलून बघायला लागला. म्हणाला, "नेट गेले काय?"

भाईजान शीरखुर्म्याची वाटी घेऊन दारात उभे होते. म्हणाले, "थांब जरा."