रायापूरच्या वाटेवर

हुबळी आणि धारवाड ही जुळी शहरे. १९६२ साली दोहोंची मिळून एक महानगरपालिका झाली, तरी दोघांचे स्वभाव निरनिराळेच राहिले. हुबळी व्यापारउदिमाचे, तर धारवाड विद्येचे, गाण्याचे आणि पेढ्यांचे. या दोहोंना जोडणाऱ्या सुमारे २० किलोमीटरांच्या रस्त्यावर रायापूर लागते. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या लेखी तो केवळ एक थांबा. परंतु महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांत एक प्रश्न वारंवार निघतो, आणि त्याचा विचार करावयास या वाटेइतकी योग्य जागा आम्हांस तरी ठाऊक नाही. प्रश्न असा : नित्य घडणाऱ्या योगायोगांना ईश्वराची खूण मानावी काय?

वाटेला लागण्यापूर्वी धारवाडातच एक योगायोग भेटतो. साधनकेरीत राहणारे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. त्यांनी कविता कानडीत लिहिली आणि त्यांना १९७३ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक लाभले. त्याच धारवाडात महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी मराठीत कथा लिहीत होते. त्यांच्या 'काजळमाया'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तोही १९७३ सालचाच. पुढे त्यांनी तो परत केला ही गोष्ट वेगळी. एक गाव, दोन मराठी घरे, दोन भाषा आणि एकच वर्ष!

अधिक नवल असे की, योगायोग म्हणजे काय याचाच या दोघांना ध्यास होता. बेंद्र्यांना उत्तरायुष्यात संख्यांचे विलक्षण वेड लागले. ४४१, म्हणजे २१ चा वर्ग, ही संख्या त्यांना विशेष प्रिय होती. विश्वात सर्वत्र एक मेळ आहे आणि संख्या ही त्याची भाषा आहे, अशी त्यांची दृष्टी. जी.एं.च्या कथांत मात्र योगायोग येतो तो नियतीचे पाऊल होऊन. माणूस एका वळणावर वळतो आणि त्याचा सर्वनाश तेथेच त्याची वाट पाहत उभा असतो. एकाला जुळणीत प्रसाद दिसला, दुसऱ्याला फास. घटना तीच असली तरी तिचा अर्थ पाहणाऱ्याच्या मनातून येतो, एवढे तरी यावरून कळावे.

धारवाड सोडले की पेरूंसाठी प्रसिद्ध असलेले नवलूर येते, मग सत्तूर. २०१८ पासून या रस्त्यावर स्वतंत्र मार्गिकेतून 'चिगरी' नावाच्या बसगाड्या धावतात. चिगरी म्हणजे कानडीत हरीण. गाडीत बसले की ओळखी निघतात. कोणाचे आजोळ आपल्याच गावचे निघते, कोणाच्या मुलाचा जन्मदिवस आपल्याच नातवाचा असतो, आणि लगेच 'देवानेच गाठ घातली' असे उद्गार निघतात.

आमचा पेशा मुख्याध्यापकाचा, त्यामुळे हजेरीपट आठवतो. कोणतीही २३ माणसे एकत्र आली, तर त्यांतल्या निदान दोघांचा जन्मदिवस एकच असण्याचा संभव निम्म्याहून किंचित अधिक असतो. ४० मुलांच्या वर्गात तो शेकडा ८९ च्या घरात जातो. मग नवल कशाचे? न जुळलेल्या शेकडो गोष्टींची आपण नोंद ठेवीत नाही आणि जुळलेली एक जन्मभर सांगतो. जुन्या हजेरीपटांत तर निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा आढळतो. ती ईश्वराची लीला नव्हे. ज्या मुलाची तारीख पालकांना ठाऊक नसे, त्याच्या नावापुढे आमचे पूर्वसूरी गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची ती सोयीची तारीख घालीत!

हे सारे हसण्यावारी नेता आले असते. पण घराघरांतून त्याची दुसरी बाजूही आहे. नवी सून आली आणि महिन्याभरात सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, की ती 'पांढऱ्या पायाची' ठरते. मुलगी जन्मली त्या वर्षी बापाला बढती मिळाली तर ती लक्ष्मीच्या पावलांनी आलेली. दुकान बुडाले तर तीच अवदसा. विधवा बाई समोरून आली म्हणून निघालेली मंडळी परत फिरतात. अशा घरातल्या मुलीची मान वर्गातही खाली असते. आम्ही ती पाहिली आहे. ज्याने तिला दोष दिला त्याला आपण भाविक समजतो. वस्तुतः नवसाने मुले होतात या समजुतीची खुद्द तुकोबांनी थट्टा केली आहे, आणि त्यांच्या भक्तीत कोणी उणे काढीत नाही.

मग श्रद्धावंताने काय करावे? खुणा मुळीच पाहू नयेत काय? याचे उत्तर आम्हांस रायापुरात मिळते. रस्त्यालगत कृष्णाचे मंदिर आहे आणि तेथेच 'अक्षयपात्र' संस्थेचे प्रचंड स्वयंपाकघर. शाळाशाळांतून लाखाच्या घरात मुलांना दुपारचे जेवण येथून जाते. या संस्थेचे काम २००० साली बंगळूरला पाच शाळांतील १५०० मुलांपासून सुरू झाले. तिच्या मुळाशी एक प्रसंग सांगतात. बंगालमधील मायापूर येथे भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपाद सहज खिडकीतून बाहेर पाहत होते. तेव्हा उष्ट्या अन्नासाठी मुले कुत्र्यांशी झगडताना त्यांना दिसली. मंदिराच्या दहा मैलांच्या परिसरात कोणी उपाशी राहू नये, असे त्यांनी त्या दिवशी ठरविले.

मायापूर आणि रायापूर या नावांचे यमक जुळते. खुणांच्या मागे लागलेला माणूस त्यातच रमेल. परंतु त्या खिडकीतून जे दिसले ते शेकडो लोकांना रोज दिसत होते. एकाने ते पाहून स्वतःवर काम घेतले, एवढाच काय तो फरक. 'ही मुले पूर्वजन्मीचे भोगताहेत' असाही अर्थ त्याच दृश्यातून कोणी काढला असता, आणि खिडकी लावून घेतली असती.

वाचकहो, आमच्या मते कसोटी ही एवढीच आहे. योगायोगामागे ईश्वर आहे की नाही, हे हजेरीपटावरून ठरत नाही आणि बेंद्रे-जी.एं.सारख्यांचेही त्यावर एकमत झाले नाही. पण खूण दिसली असे ज्याला वाटते, त्याने तिची किंमत स्वतः मोजावी. जी खूण आपल्या हाती पळी देते ती ईश्वराची मानण्यास आमची हरकत नाही. जी दुसऱ्याकडे बोट दाखवावयास लावते ती आपल्याच भयाची. अकस्मात जुना स्नेही भेटला, तर देवाचे आभार मानावे आणि त्याला जेवावयास घरी आणावे. घरात पाल चुकचुकली, तर ती खुशाल चुकचुकू द्यावी. सुनेकडे पाहू नये.