अर्ध्यावर तुटलेले अपग्रेड

डेबियन या लिनक्स प्रणालीत सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ या रूपाने येते. प्रोग्रॅमच्या फायली, त्या डिस्कवर कोठे जाव्यात याची मांडणी आणि तो चालण्यासाठी आणखी कोणती पॅकेजे लागतात याची यादी, हे सारे एकत्र बांधलेला तो संच असतो. टर्मिनलमध्ये आज्ञा दिल्यावर भांडारातून काय उतरवायचे आणि ते कोणत्या क्रमाने बसवायचे हे, 1999 मध्ये डेबियन 2.1 बरोबर आलेले, ‘ॲप्ट’ ठरवते, परंतु पॅकेज डिस्कवर प्रत्यक्ष उलगडण्याचे काम त्याहून जुन्या ‘डीपीकेजी’कडेच राहिले आहे.

ही वाटणी एरवी वापरणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. प्रस्तुत लेखकाला तिचे मोल कळले ते एका लहान वाचनालयाच्या संगणकावर, जेथे डेबियन 11 वरून 12 वर जाण्याचे काम चालू असताना वीज गेली आणि पाठोपाठ यूपीएसची बॅटरीही उतरली. सभासदांची आणि पुस्तकांची सारी नोंद त्याच संगणकावर असल्याने काळजी मोठी होती. वीज आल्यावर संगणक जुन्या कर्नलवर, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांना जोडणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यावर, सुरू झाला. ॲप्टने मात्र पुढे जाण्यास नकार देऊन आधी ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही आज्ञा द्यावी, असे सांगितले.

डीपीकेजी पॅकेज दोन टप्प्यांत बसवते: प्रथम फायली उलगडल्या जातात आणि नंतर ‘कॉन्फिगर’ करताना सेवा सुरू करणे, वापरकर्ता-खाती तयार करणे यांसारखी कामे होतात. नवी फाइल आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहिली जाते व मगच जुनीची जागा घेते. शिवाय कोणते पॅकेज नुसते उलगडले आहे, कोणते अर्धवट कॉन्फिगर झाले आहे आणि कोणते पूर्ण बसले आहे, याची नोंद ‘स्टेटस’ नावाच्या साध्या मजकूर-फाइलीत ठेवली जाते. त्या नोंदीच्या आधाराने वाचनालयाच्या संगणकावर उरलेली पॅकेजे एकेक करून कॉन्फिगर होत गेली, जी अवलंबित्वामुळे अडली ती ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ने मार्गी लागली, आणि त्यानंतर ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’ जेथे तुटले होते तेथून पुढे चालू झाले. बटणे दाबून चालणाऱ्या खिडक्यांपेक्षा टर्मिनल येथे सरस ठरते, असे लेखकाचे ठाम मत आहे, कारण कोणते पॅकेज कोठे अडले हे तेथे नावानिशी दिसते.

मध्येच डेटाबेसच्या सेटिंग्जची फाइल स्थानिक बदलांसह ठेवावी की नवी घ्यावी, असा प्रश्न डीपीकेजीने विचारला. दोहोंतील फरक पाहून जुनी ठेवली गेली, तेव्हा नवी फाइल टाकून न देता ‘डीपीकेजी-डिस्ट’ हे शेपूट लावून शेजारी ठेवली गेली, आणि तिच्यातील आवश्यक ओळी नंतर सवडीने जुन्या फाइलीत उतरवून घेता आल्या.