एडी परत आला ती रात्र

एडी मर्फी 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकी टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात आला तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. साल १९८०. जुनी गाजलेली मंडळी पांगली होती, निर्माते लॉर्न मायकल्स सोडून गेले होते आणि एनबीसी वाहिनी आता हा कार्यक्रम गुंडाळणार, असं सगळीकडे बोललं जात होतं. त्या पडत्या काळात हा पोरगा कोपऱ्यातल्या भूमिका करत होता. १९८१च्या जानेवारीत एकदा कार्यक्रम काही मिनिटं आधीच संपणार असं लक्षात आलं. वेळ भरून काढायला त्याला एकट्याला समोर उभं केलं, आणि त्यानं ती मिनिटं खाऊन टाकली. पुढची तीन वर्षं लोक शनिवारी रात्री टीव्ही लावायचे ते त्याच्यासाठी. तो नसता तर हा कार्यक्रम आज नसता, असं माझं ठाम मत आहे.

आम्ही काही मराठी मुलं तेव्हा जर्सी सिटीत एका भाड्याच्या घरात राहत होतो. शनिवारी उशिरा वरण-भात लावायचा आणि साडेअकराला चॅनेल चार. सुरुवातीला निम्मे विनोद डोक्यावरून जायचे. कुठल्या सिनेटरची नक्कल आहे, कुठल्या जाहिरातीची टिंगल आहे, काही कळायचं नाही. एडीचं मात्र कळायचं. त्याच्या डोळ्यांत, चालण्यात आणि त्या गडगडाटी हसण्यात भाषेच्या अलीकडचं काहीतरी होतं. आमची अमेरिकेशी खरी ओळख त्यानं करून दिली.

या कार्यक्रमाची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दर आठवड्याला एक पाहुणा येतो, बहुधा नावाजलेला नट. त्याला होस्ट म्हणतात, पण नुसतं निवेदन करून त्याची सुटका नसते; जवळजवळ प्रत्येक प्रहसनात त्याला काम करावं लागतं. सोमवारी लेखक कल्पना सांगतात, मंगळवारची रात्र लिहिण्यात जाते, बुधवारी सगळं टेबलाभोवती वाचलं जातं. शनिवारी आठला खऱ्या प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम, तिथे न रंगलेली प्रहसनं कापायची, आणि साडेअकराला थेट प्रक्षेपण. संवाद हातानं लिहिलेल्या मोठमोठ्या कार्डांवर, तेही शेवटच्या क्षणापर्यंत बदलत राहतात. पुन्हा घ्यायची सोय नाही. पडद्यावर देखणा दिसणारा नट इथे कधी अडखळतो, कधी हसू आवरता न आल्यानं वाक्य विसरतो. नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला विंगेत उभं राहिलेल्या माणसाला ही धडधड समजेल.

१५ डिसेंबर १९८४. एडी कार्यक्रम सोडून गेला होता आणि पहिल्यांदाच पाहुणा म्हणून परत येत होता. नोकरीत असतानाही त्यानं एकदा होस्टची जागा घेतली होती. १९८२च्या डिसेंबरात ठरलेला होस्ट निक नोल्टी ऐनवेळी येऊ शकला नाही तेव्हा. पण या वेळची गोष्ट निराळी. 'बेव्हर्ली हिल्स कॉप' लागून दहा दिवस झाले होते आणि तेविसाव्या वर्षी तो देशातला सर्वांत मोठा विनोदी नट होता. आमच्या घरात त्या रात्री खुर्च्या कमी पडल्या.

त्या रात्रीचं 'व्हाइट लाइक मी' मी विसरू शकत नाही. एडी चेहऱ्याला गोरा रंग लावून, केसांचा टोप घालून न्यूयॉर्कमध्ये हिंडतो. वर्तमानपत्राच्या दुकानात त्याच्याकडून पैसेच घेत नाहीत. बसमधला एकुलता एक काळा प्रवासी उतरला की आत गाणी आणि मेजवानी सुरू होते. बँकेत तारण नाही, कागद नाही, तरी कर्ज हातात. आम्ही पोट धरून हसलो. मग हसू ओसरल्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही, कारण घर भाड्यानं शोधताना, नोकरीच्या मुलाखतीला जाताना जे आम्हाला बोट ठेवून सांगता येत नव्हतं, ते या माणसानं चार-पाच मिनिटांत मांडलं होतं. तीनच वर्षांनी त्याच जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' म्हणवणारे लोक भारतीयांवर हल्ले करू लागले. तेव्हा मला हे प्रहसन पुन्हा आठवलं.

कॉलेजातला एक मित्र तेव्हा लॉस एंजेलिसला होता. रात्री उशिरा फोनचे दर उतरत, म्हणून एकच्या सुमारास मी त्याला फोन लावायचो. तो आधी बजावायचा, "काही सांगू नकोस!" नावात लाइव्ह असलं तरी पश्चिम किनाऱ्यावर कार्यक्रमाची टेप तीन तासांनी दाखवत. मग मी पुण्याच्या गप्पा मारायचो आणि जिभेच्या टोकावर आलेलं गिळून टाकायचो. दुसऱ्या दिवशी तो फोन करायचा आणि आम्ही एकेक प्रहसन पुन्हा करून एकमेकांना हसवायचो. व्हीसीआर होते, पण आमच्याकडे नव्हता. पाहिलेलं जपून ठेवायची एकच जागा, ती म्हणजे डोकं. आजही त्या काळातली कितीतरी वाक्यं आणि आवाज माझ्या डोक्यात जसेच्या तसे आहेत, आणि गेल्या महिन्यात फोनवर पाहिलेलं एकही नाही.

१९८४च्या त्या रात्रीनंतर एडी बरीच वर्षं या कार्यक्रमात आला नाही. १९९५मध्ये याच कार्यक्रमातल्या डेव्हिड स्पेड या नटानं त्याचा फोटो दाखवून, त्याचे चित्रपट पडताहेत म्हणून त्याला तुटणारा तारा म्हटलं. ज्या घराचं छप्पर आपण सावरलं त्या घरातून दगड यावा, हे त्याला लागलं, आणि मला वाटतं ते लागणं रास्त होतं. २०१५च्या चाळिसाव्या वर्धापनाला तो आला खरा. विनोदी नट ख्रिस रॉकनं भरभरून बोलून त्याचं स्वागत केलं, पण एडी चार वाक्यं बोलला आणि गेला. प्रहसन नाही, नक्कल नाही. माझा तर हिरमोड झाला.

म्हणून २१ डिसेंबर २०१९ची बातमी आली तेव्हा मी ती दोनदा वाचली. पस्तीस वर्षांनी एडी मर्फी होस्ट! वय अठ्ठावन्न. लॉर्न मायकल्स १९८५मध्येच परतले होते, पण एडी त्यांच्या हाताखाली पूर्ण कार्यक्रम पहिल्यांदाच करत होता. आता प्रक्षेपण सगळ्या देशात एकाच वेळी होतं. लॉस एंजेलिसच्या मित्राकडे रात्रीचे साडेआठ, माझ्याकडे साडेअकरा. आम्ही फोन लावून ठेवला आणि दोघं एकाच क्षणी हसलो.

सुरुवातीच्या मनोगतात त्याच्या बाजूला ट्रेसी मॉर्गन, ख्रिस रॉक, डेव्ह शपेल आणि किनन थॉम्प्सन येऊन उभे राहिले. त्याचं काम पाहत मोठे झालेले हे नट. त्यांच्या चेहऱ्यावर जो आदर होता तो लिहून दिलेला नव्हता.

आणि मग मिस्टर रॉबिन्सन. मुलांच्या कार्यक्रमातल्या गोड स्वभावाच्या फ्रेड रॉजर्सची ही नक्कल एडी ऐंशीच्या दशकात करायचा. त्याचा रॉबिन्सन पडक्या इमारतीत राहायचा आणि भाडं थकवून घरमालकापासून लपायचा. २०१९मध्ये तोच स्वेटर, तेच गाणं गुणगुणत तो परतला, पण त्याची वस्ती बदलली होती. पैसेवाले गोरे लोक राहायला आले होते आणि जुने शेजारी निघून गेले होते. आमच्या जर्सी सिटीचं अगदी हेच झालं आहे. आम्ही ज्या भागात खोल्या घेतल्या तिथे आता उंच काचेचे टॉवर उभे आहेत आणि नव्यानं आलेल्या विद्यार्थ्याला तिथे पाय ठेवता येत नाही. स्मरणरंजन म्हणून आणलेल्या पात्राला एडीनं आजच्या रस्त्यावर उभं केलं, यातच त्याचं मोठेपण आहे. त्याची बाकीची जुनी पात्रंही परतली: बकव्हीट आला, गम्बी आला, वेल्वेट जोन्स आला. गम्बी तर आपला कुणी मान राखत नाही म्हणून बातम्यांच्या टेबलावर येऊन ओरडून गेला. हसताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

या कार्यक्रमासाठी २०२०मध्ये एडीला पाहुण्या कलाकाराचा एमी मिळाला, त्याच्या आयुष्यातला पहिला.

त्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी माझी भाची म्हणाली, "मामा, मी पाहिलं ना सगळं!" तिनं तीन तुकडे पाहिले होते, प्रत्येकी पाच मिनिटांचे, बसमध्ये. तिला दोष देत नाही. कार्यक्रम स्वतःच हल्ली तुकड्यांत कापून समोर ठेवला जातो. पण त्यात फसलेलं प्रहसन दिसत नाही, आणि त्यानंतर नट स्वतःला कसा सावरतो तेही दिसत नाही. शेवटी सगळे कलाकार रंगमंचावर एकमेकांना मिठ्या मारतात, होस्टचा दमलेला, उजळलेला चेहरा दिसतो, तो तर कुठल्याच तुकड्यात नसतो.

तरुण वाचकांना माझी विनंती आहे. तुमचा आवडता नट असा होस्ट म्हणून येणार असेल, तर त्या शनिवारी दोन-चार मित्रांना घरी बोलवा आणि पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिठीपर्यंत पूर्ण दीड तास पाहा, न रंगलेल्या प्रहसनांसकट.