कॉम्प्युटरचा डिप्लोमा : कॉलेज निवडताना

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न : पुढे काय? पूर्वी सायन्स की कॉमर्स एवढ्यावर भागायचं. आता मुलं म्हणतात, "कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायचाय." आणि तंत्रनिकेतनांची भली मोठी यादी समोर आली की आपण गोंधळून जातो.

माझ्या नणंदेच्या मुलीसाठी मी या यादीत शिरले. वन्संचं म्हणणं, "मुलीची जात, घराजवळचं कॉलेज बरं." भाचीला हवं होतं जाहिरातीतल्या चकचकीत इमारतीचं. घरात पैसा बेताचा; एकदा भरलेली फी वाया गेली तर पोरीचं शिक्षणच थांबायचं. मी साधी बी.ए., शाळेत अर्धवेळ शिकवणारी. पण भाजीसुद्धा आपण निवडून घेतो, मग कॉलेज का नको?

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. हा कोर्स दहावीनंतर तीन वर्षांचा. काही स्वायत्त संस्था सोडल्या तर सरकारी काय नि खासगी काय, अभ्यासक्रम आणि परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचीच. पुस्तकं तीच, पेपर तोच! फरक पडतो तो शिकवणाऱ्यांत आणि प्रयोगशाळेत. तेव्हा तेच बघायचं.

आम्ही तिघी मुद्दाम कामाच्या दिवशी गेलो. चकचकीत इमारतीत कॉम्प्युटर लॅबला कुलूप! किल्ली ज्यांच्याकडे, ते रजेवर. दुसरीकडे भिंतींचा रंग उडालेला, पण लॅब भरलेली, आणि एक बाई मुलांमागे उभ्या राहून चुका दाखवत होत्या. ऑफिसात माहितीपत्रक मिळतं. खरी माहिती मुलींकडे. भाचीने त्यांनाच विचारलं : प्रॅक्टिकल ठरल्या दिवशी होतं का? एका मशीनवर किती जणी? शिक्षक वर्षाच्या मध्येच सोडून जातात का?

'एनबीए' मानांकनाची पाटी दिसली तर ते कॉम्प्युटर शाखेला आहे ना, हे विचारा. हे मानांकन शाखेला असतं, सबंध कॉलेजला नव्हे. खासगी संस्थांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ती लेखी मागा. वसतिगृह, मेस, बस यांचा खर्च वेगळा मांडा. मूल मराठी माध्यमातलं असेल तर मराठी-इंग्रजी द्विभाषिक शिकवण्याची सोय आहे का, तेही पाहा.

आणि हो, पुढची वाट बंद होत नाही बरं का! डिप्लोमाच्या गुणांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, त्याला सीईटी लागत नाही. म्हणूनच ही तीन वर्षं नीट शिकवणारं कॉलेज हवं.

रंग उडालेलं ते कॉलेज घरापासून एसटीने पाऊण तासावर. वन्सं सुरुवातीला गप्पच होत्या. पण आमच्याच भागातल्या सहा-सात मुली सकाळच्या गाडीने जोडीने जातात हे कळलं, तेव्हा म्हणाल्या, "बघ बाई, जाईल तीही." भाचीने स्वतःच्या हाताने ते नाव पसंतीक्रमात पहिलं टाकलं, आणि तेच मिळालं.

पसंतीक्रम भरताना मात्र जपून. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं. तेव्हा शेजारणीने सांगितलं म्हणून नव्हे, तर डोळ्यांनी पाहून आलात, तेच नाव वर लिहा. आणि पाहायला जाल तेव्हा मुलीला बरोबर न्या. प्रश्न तिलाच विचारू द्या. शिकायचं तिला आहे ना!