पुण्याचे विल्सन जोन्स आणि अथालचं टेबल

विल्सन जोन्स हे नाव ऐकलं की आज बहुतेकांना वाटतं, असेल कोणी इंग्रज साहेब. हे गृहस्थ आपल्या पुण्याचे. 2 मे 1922 रोजी एका अँग्लो-इंडियन घरात जन्मले, पुण्यातच बिशप्स आणि सेंट व्हिन्सेंट्स या शाळांत शिकले आणि 1958 साली कलकत्त्यात हौशी खेळाडूंच्या जागतिक बिलियर्ड्स स्पर्धेत पहिले आले. स्वतंत्र भारताचा वैयक्तिक खेळातला हा पहिला जगज्जेता. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. खाशाबा मराठी माणसाच्या मनात घर करून आहेत, आणि ते योग्यच आहे. जोन्स यांनाही त्यांच्या शेजारी जागा मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

जोन्स कोण हे मला कळलं ते अथालमध्ये. सिल्वासाच्या शेजारचं, दमणगंगेच्या काठचं हे गाव. आजूबाजूला पॉलिएस्टर सुताचे कारखाने, कामगारांच्या तोंडी वारली, गुजराती, मराठी, हिंदी असं सगळंच. नोकरीनिमित्त मी इथे आलो, तेव्हा आमच्या वसाहतीच्या क्लबात एक पूर्ण आकाराचं टेबल होतं, बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद. त्याची देखभाल करायला एक वयस्कर गृहस्थ होते. उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईतल्या एका जिमखान्यात मार्कर म्हणून काढलेली. मार्कर म्हणजे गुण मांडणारा, टेबल राखणारा, आणि वेळ पडली तर सभासदाशी दोन डाव खेळून त्याला चार गोष्टी शिकवणारा माणूस. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो.

आम्हा मंडळींना स्नूकरची हौस. रंगीत गोळ्या, पटापट पॉट, टीव्हीवर पाहिलेलं सगळं. काकांनी मला एकदा बाजूला घेऊन तीनच गोळ्या टेबलावर ठेवल्या. दोन खेळाडूंच्या दोन आणि एक लाल.

"साहेब, आधी हे शिका. जोन्ससाहेब यावरच मोठे झाले."

बिलियर्ड्सचा हिशेब ऐकायला साधा आहे. आपल्या गोळीने बाकीच्या दोन्ही गोळ्यांना स्पर्श केला की कॅनन, दोन गुण. लाल गोळी खिशात घातली की तीन, प्रतिस्पर्ध्याची घातली की दोन. आपलीच गोळी दुसरीला लागून खिशात गेली की इन-ऑफ. लालवरून गेली तर तीन, दुसरीवरून गेली तर दोन. गुण मिळत राहतील तोवर तुमचाच डाव. लाल खिशात गेली तरी तिच्या ठरलेल्या ठिपक्यावर परत येते. त्यामुळे स्नूकरसारखं टेबल रिकामं होत नाही आणि डाव आपोआप संपत नाही. तो संपतो खेळाडू चुकला की.

म्हणूनच प्रत्येक फटक्यात दोन कामं असतात. गुण मिळवायचा, आणि तिन्ही गोळ्या अशा थांबवायच्या की पुढचा गुण समोर दिसावा. काकांनी मला टेबलाच्या वरच्या टोकाचा खेळ दाखवला. लाल ठिपक्यावर, प्रतिस्पर्ध्याची गोळी तिच्या मागे कुशनजवळ, आपली बाजूला. लाल पॉट, तीन. ती ठिपक्यावर परत. मग हलकासा कॅनन, दोन. पुन्हा लाल. काकांचा क्यू जेमतेम वीतभर मागे जायचा, गोळ्या दोन हातांच्या जागेत फिरत राहायच्या आणि गुण पाच-पाचने चढायचे. मी तोच खेळ करायला गेलो की दुसऱ्या-तिसऱ्या कॅननला गोळ्या अशा पांगायच्या की पुन्हा जमवणं अशक्य व्हावं.

पावसाळा हा तर इथला खरा परीक्षक. अथालला पाऊस झोडपून काढतो. हवेतला ओलावा टेबलावरची हिरवी बनात पिऊन घेते, गोळ्या जड चालायला लागतात, कुशन मेल्यासारखं होतं. काका संध्याकाळी लवकर यायचे. बनातीची लव एकाच दिशेने असते, बॉककडून, म्हणजे खालच्या टोकाकडून, वरच्या टोकाकडे. त्याच दिशेने ते ब्रश फिरवत, मग कापडावर खास टेबलाची इस्त्री चालवत. उलट दिशेने हात कधीच नाही. हळू मारलेली गोळी लवेच्या कलाने सरकते, हे त्यांनी मला गोळी सोडून दाखवलं होतं. सरळ निघालेली गोळी शेवटच्या फूटभरात कशी बाजूला झुकते ते पाहिल्यावर, दीड दोन तास एकाग्र राहून शेकडो गुण करणाऱ्या माणसाबद्दल मला वेगळाच आदर वाटू लागला.

आणि मग जोन्स यांची कारकीर्द मी वाचत गेलो. जागतिक विजेतेपद 1951 साली लंडनला ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्ट मार्शलकडे गेलं, 1952 साली कलकत्त्यात इंग्लंडच्या लेस्ली ड्रिफिल्डकडे, 1954 साली सिडनीत टॉम क्लिअरीकडे. इकडे जोन्स देशात राष्ट्रीय विजेतेपदं जिंकत होते, पण जगाच्या टेबलावर यश हुलकावणी देत होतं. 1958 ला स्पर्धा पुन्हा कलकत्त्यात आली. या वेळी जोन्स पहिले आणि ड्रिफिल्ड दुसरे. ज्या शहरात ड्रिफिल्डनं बाजी मारली होती, तिथेच त्याला मागे टाकलं! जोन्स तेव्हा छत्तीस वर्षांचे होते.

बाकीचे खेळाडू ज्या वयात निवृत्तीची भाषा करतात त्या वयात त्यांनी आणखी एक झेप घेतली. 1964 साली न्यूझीलंडमधल्या पुकेकोहे इथे, बेचाळिसाव्या वर्षी, ते दुसऱ्यांदा जगज्जेते झाले. 1950 ते 1966 या काळात बिलियर्ड्सची राष्ट्रीय विजेतेपदं बारा, शिवाय स्नूकरची पाच. 1963 साली अर्जुन पुरस्कार, 1965 साली पद्मश्री. पुढे त्यांनी शिकवण्याकडे लक्ष वळवलं आणि 1996 साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. 5 ऑक्टोबर 2003 रोजी त्यांचं निधन झालं.

पुकेकोहेला त्यांच्याबरोबर मुंबईचा एक तरुण भारताकडून खेळत होता, मायकेल फरेरा. पुढे 1977, 1981 आणि 1983 असा तीनदा तो जगज्जेता झाला. 1978 च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने एका डावात 1149 गुण केले. हौशी खेळाडूने हजाराचा उंबरा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. दर दोन फटक्यांना पाच गुण धरले तरी हे साडेचारशेच्या वर फटके होतात, आणि एकही चूक नाही. काकांसमोर हा हिशेब मांडला तेव्हा ते नुसते मान हलवत राहिले. याच फरेरांनी 1981 साली पद्मश्री नाकारली, कारण क्रिकेटपटूला पद्मभूषण आणि जगज्जेत्या बिलियर्ड्सपटूला त्याहून खालचा मान, हे त्यांना पटलं नाही. 1983 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. ती लढाई त्यांनी आपल्या खेळासाठी लढली असं मी मानतो.

त्यानंतर गीत सेठी आले, पंकज अडवाणी आला. अडवाणीही पुण्यातच जन्मलेला, वाढला मात्र कुवेत आणि बंगळुरूत. जगज्जेत्यांची एवढी सलग परंपरा आपल्याकडे फार थोड्या खेळांत सापडेल. तरीही हा खेळ जिमखान्यांच्या भिंतींआड राहिला. पूर्ण आकाराचं टेबल महाग, त्याखाली दगडी पाटा, त्यासाठी मोठी खोली हवी, देखभाल जाणणारा माणूस हवा. शाळेला हे परवडत नाही आणि सभासदत्वाशिवाय दार उघडत नाही. अशाने खेळाडू कुठून यायचे?

काका गावी परत गेले. जाण्यापूर्वी त्यांनी वसाहतीतल्या दोघा तरुणांना ब्रश, इस्त्री आणि क्यूला टिप बसवण्याचं काम शिकवलं. मी समितीकडे एक मागणी लावून धरली: रविवारी सकाळी टेबल फक्त मुलांसाठी, कामगारांच्या मुलांसह, विनाशुल्क, आणि सुरुवात स्नूकरने नाही, तीन गोळ्यांनी. थोडी कुरकुर झाली, पण मान्य झालं. कारखान्यात पाळीवर काम करणाऱ्या एका फिटरची मुलगी गेल्या हिवाळ्यात वरच्या टोकाच्या खेळात सलग पन्नाशीपर्यंत पोहोचली. चुकल्यावर तिने क्यू ठेवला नाही. गोळ्या पुन्हा त्याच जागी मांडल्या आणि कॅनन कुठे जाड बसला ते शोधत बसली. पुढच्या हंगामात तिला वयोगटाच्या स्पर्धेला मुंबईला न्यायचं ठरलं आहे. गाडी वापीहून पकडायची आणि क्यूसाठी एक चांगली पेटी आधी घ्यायची आहे.