सुट्या भागांची जीप

आमच्या वसईच्या अंगणात सध्या जीप नाही. जीपचे सामान आहे. इंजिन पडवीत, चाके विहिरीपाशी, नटबोल्ट बिस्किटांच्या डब्यांत आणि मधोमध उघडी चॅसी. “अहो, हे घर की भंगाराचे दुकान?” सौ. विचारते. पण ही जातच मुळी सुट्या भागांची! १९४९ साली महिंद्रांनी विलिस जीपचे अमेरिकेहून आलेले भाग माझगावात जोडले, तेव्हाचा देखावा याहून वेगळा काय असणार? त्या भागांना गंज नव्हता, एवढेच.

आमचा खारा वारा लोखंडाला सोडीत नाही. पत्रा नवा ठोकता येतो. चॅसीचे तसे नाही. शिडीसारखी ही चौकट, सारा भार तिच्यावर. “साहेब, दुसरी टाका,” मेकॅनिक म्हणाला. टाकू कशी? गाडीचा नंबर तिच्यावरच कोरलेला. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नाशी उलटलेल्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून नोंदवायचे, तर ती मूळ रूपात हवी. वडिलांची जीप कागदावर तरी तीच राहावी ना!

म्हणून संध्याकाळी हातोडीने इंच-इंच वाजवून पाहतो. मागच्या आडव्या पट्टीचा आवाज बद्द येतो. तेवढी कापून जोडावी लागेल. पुढे नंबरापाशी मात्र अगदी खणखणीत!