वंशावळीत चौकट नसलेली बाई

न्या. संदीप शिंदे समिती सप्टेंबर २०२३ मध्ये नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी आमच्या शिरूर-दौंडकडच्या घराघरांतल्या जुन्या ट्रंका उघडल्या. मोडी वाचणाऱ्याला तर डॉक्टरपेक्षा जास्त भाव आला. आमच्याकडेही कागद निघाले, आणि त्यातला सगळ्यात कामाचा कागद निघाला एका बाईचा. आजोबांच्या आजीचा, म्हणजे माझ्या खापरपणजीचा.

शिरूर तालुक्यातली जिरायत जमीन गहाण टाकल्याचा दस्त आहे. नवरा मयत, मुलगा अज्ञान, म्हणून पालन करणारी आई या नात्यानं ती दस्तात आली. नावापुढे 'कोम' आणि मग नवऱ्याचं नाव. (जुन्या कागदांत 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. शोधणाऱ्यांनी लक्षात ठेवा.) पुढे जात कुणबी, धंदा शेती. सहीच्या जागी निशाणी. शेतकरी पुरुषाची निशाणी नांगर असायची, बाईची बांगडी. हिचीही बांगडीच आहे. विधवेच्या हातात ती राहिली नसणार, कागदावर मात्र राहिली.

आणि घडी पडलीय ती नेमकी तिच्या नावावर. कागद तिथंच विरलाय. '...बाई कोम' एवढंच लागतं.

दस्त १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानंतरचा. त्या कायद्याची मुळं इथलीच. सावकारावर पहिला बहिष्कार टाकला तो शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावानं, १८७४ च्या अखेरीस. मग १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात दंगा पेटला, रोखे जाळले गेले. पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ. कायदा आला तो असा, की शेतकऱ्यानं करून दिलेला दस्त गावच्या रजिस्ट्रारच्या देखरेखीखालीच लिहिला गेला पाहिजे. म्हणून तर एका निरक्षर बाईची एवढी तपशीलवार नोंद झाली. दंगा आणि दुष्काळ दोन्ही तिच्या तरुणपणातले.

तिचं माहेर भीमाकाठचं, असं घरात सांगतात. (दौंडकडचं जुनं रेकॉर्ड मागताना 'भीमथडी तालुका' म्हणा, नाहीतर कारकून हात हलवतो.) जन्म-मृत्यूची रजिस्टरं चाळली. बापाचं नाव, गाव, जात, आणि पुढे नुसतं 'मुलगी'. पानामागून पान बिननावाच्या मुली. सासरच्या गावात तिच्या पोरांच्या जन्माची नोंद आहे, तीही बापाच्याच नावावर.

प्रतिज्ञापत्रासाठी वंशावळ काढली तेव्हा मी तिची चौकट घातली होती. टाईप करणारा म्हणाला, "काका, बायकांची नावं लागत नाहीत," आणि खोडली. नियमानं तो बरोबरच होता. पण 'जात कुणबी' हे शब्द ज्या कागदावर सापडले तो कागद तिचा, आणि बाण मेलेल्या नवऱ्यापासून थेट पोराकडे! दाखला वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यावर मिळतो, त्यामुळे माझ्या मुलांना या कागदाचा उपयोग, आत्याच्या पोरांना शून्य. आत्या एवढंच म्हणाली, "ती माझी कुणीच नव्हती का रे?"

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या नावाआधी आईचं नाव येतंय. निर्णय चांगलाच आहे. पण मागच्यांचं काय? सरकारी खर्चानं एवढी जुनी पानं वाचून झाली, त्याच वाचनात 'कोम'च्या नोंदी वेगळ्या उतरवून ठेवायला कितीसा खर्च आला असता? अजूनही करता येईल.

मला आता आशा आहे ती नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची. श्राद्धात आई, आजी, पणजी या तिघींचा नावानं उच्चार करावा लागतो, त्यामुळे तिथं बायकांची नावं विचारली जायची. पणजोबा आईच्या अस्थी घेऊन नाशिकला गेले होते, असं आजोबा सांगायचे. दिवाळीनंतर जातोय. शिरूर किंवा जुन्या भीमथडीतल्या कुणाला आपल्या घराण्याची वही तिथं सापडली असेल, तर गावाच्या नावानं शोधली की आडनावानं, तेवढं कळवा.